गिर्यारोहण संस्थेचं ग्रंथालय उभारताना: काय जपायचं, काय द्यायचं

गुरुवारी रात्री साडेनऊच्या सुमाराला फोन वाजतो. "काका, शनिवारी वानरलिंगीला निघतोय. आपल्याकडे जुन्या चढाईची काही नोंद सापडेल का?" असा फोन आला की मला मनापासून बरं वाटतं. जीवधनशेजारच्या त्या सुळक्याला कुणी खडा पारशी म्हणतं, कुणी वानरलिंगी. नाव काहीही असो, त्यावर आधी चढून गेलेल्या कुणीतरी बोल्ट (दोर अडकवायला खडकात बसवलेले) कुठे आहेत, दोर कुठे घासतो, लेजवर, म्हणजे कड्यातल्या अरुंद टप्प्यावर, किती जण उभे राहू शकतात हे कागदावर उतरवलेलं असतं. तो कागद शुक्रवारी संध्याकाळपर्यंत त्या मुलांच्या हातात पडला, तर आपल्याकडे ग्रंथालय आहे असं म्हणायचं. नाही पडला, तर आपल्याकडे फक्त पुस्तकांनी भरलेलं कपाट आहे.

मुंबई, पुणे, नाशिक, ठाण्यातल्या कितीतरी संस्थांकडे सह्याद्रीतल्या चढाईचं चाळीस-पन्नास वर्षांचं साहित्य पडून आहे. बहुतेक ते संस्थेच्या खोलीत नसतंच. जुन्या सभासदांच्या माळ्यावर, पलंगाखालच्या ट्रंकेत किंवा गॅलरीतल्या खोक्यात असतं. ज्यांनी ते लिहिलं ती मंडळी आता सत्तरीत आहेत. घर बदललं, इमारत पुनर्विकासाला गेली, की पहिलं रद्दीत जातं ते हेच. म्हणून हे काम पुढच्या वर्षावर ढकलू नका. खाली लिहिलेली पद्धत मी स्वतः वापरत आलो आहे. एक खोली, दोन कपाटं आणि आठवड्याला चार तास देणारी तीन माणसं एवढ्यावर ती चालते.

आधी एक गोष्ट ठरवा

जपणं आणि देणं ही दोन कामं एकमेकांच्या विरुद्ध जातात. जपायचं तर कागदाला हात लावू द्यायचा नाही. द्यायचं तर तो सॅकमध्ये जाणार, चहाच्या कपाखाली जाणार. बऱ्याच संस्था इथेच अडकतात आणि दोन टोकं गाठतात. एकीकडे कपाटाला कुलूप असतं आणि किल्ली अध्यक्षांकडे, दुसरीकडे कोण काय घेऊन गेलं याचा पत्ताच नसतो.

जगातल्या जुन्या क्लबांनी हा गुंता सोडवलेला आहे. लंडनचा अल्पाइन क्लब १८५७चा. अमेरिकन अल्पाइन क्लब १९०२चा, त्यांचं ग्रंथालय १९१६ पासूनचं आणि आज ते कोलोरॅडोतल्या गोल्डन या गावी आहे. तिथला सभासद हजार मैलांवर राहत असला तरी त्याला टपालाने पुस्तक मिळतं. नव्या प्रदेशात चढाईला जाण्याआधी तिथलं मार्गदर्शक पुस्तक मागवायचं आणि आल्यावर परत पाठवायचं, ही तिथली साधी सवय. दुर्मीळ ग्रंथ मात्र वेगळ्या खोलीत राहतात, ते टपालात पडत नाहीत. आपल्याकडे १९२८ साली स्थापन झालेल्या हिमालयन क्लबचा ग्रंथसंग्रह दिल्लीच्या इंडिया इंटरनॅशनल सेंटरच्या ग्रंथालयात ठेवलेला आहे. स्वतःची इमारत नसली तरी संग्रह चांगल्या छताखाली ठेवता येतो, हे त्यातून घेण्यासारखं.

या सगळ्यातून मी एक नियम घेतला: मूळ कागद घराबाहेर जाणार नाही, पण त्यावरची माहिती मागेल त्याला मिळेल. पुढच्या सगळ्या पायऱ्या या नियमावर उभ्या आहेत.

पायरी १: पुस्तकं मागू नका, ट्रंक मागा

"आम्ही ग्रंथालय करतोय, पुस्तकं द्या" असं आवाहन केलं की लोक कपाटातली छापील पुस्तकं आणून देतात. तीही हवीत, पण ती आज ना उद्या दुसरीकडे मिळतील. ज्याची जगात एकच प्रत आहे ते मागायला लोकांना सुचत नाही आणि द्यायलाही सुचत नाही, कारण त्यांच्या लेखी ते "जुने कागद" असतात.

तेव्हा नेमकं मागा. चढाईच्या हाताने काढलेल्या आकृत्या, म्हणजे टोपो. मोहिमेचे अहवाल, सायक्लोस्टाइल केलेलेसुद्धा. पत्रव्यवहार, परवानगीची पत्रं, शिध्याच्या आणि सामानाच्या याद्या, खर्चाच्या वह्या. स्लाइड, निगेटिव्ह, कॅसेट, व्हिडिओ टेप. खुणा केलेले नकाशे. संस्थेची जुनी वार्तापत्रं, शिबिरांची पत्रकं. शिध्याची यादी बघून लोक हसतात, पण दहा जणांना बारा दिवसांसाठी किती किलो सातू लागला हे जिथे लिहिलंय, तिथून त्या काळातली मोहीम उभी करता येते. कड्याच्या भेगेत ठोकायचे किती खिळे नेले आणि किती परत आणले, हे कळलं की कड्यात किती राहिले तेही कळतं.

फोनवर काम होत नाही, घरी जा. चहा होऊ द्या. वहिनींशी, मुलांशीही बोला, कारण ट्रंक कुठे आहे हे बहुतेक वेळा त्यांनाच ठाऊक असतं. "मी जरा नीट लावून, नको ते काढून देतो" असं कुणी म्हणालं तर हात जोडून सांगा की आहे तसंच द्या. दोन कारणं आहेत. एक तर "नको ते" म्हणून हमखास तेच काढलं जातं जे आपल्याला हवं असतं. दुसरं म्हणजे कागद ज्या क्रमाने ठेवलेले असतात तो क्रमही माहिती देतो. तारीख नसलेली आकृती एखाद्या बिलाला टाचलेली असते आणि बिलावर तारीख असते. ट्रंक उघडली की काहीही हलवण्याआधी वरून फोटो काढा, मग प्रत्येक थर उचलताना काढा.

आणि तिथेच बसून, एकेक कागद हातात देत, मोबाइलवर बोलणं ध्वनिमुद्रित करा, अर्थात विचारून. एकदा एका आकृतीवर नुसतं "इथे बापूची कपार" लिहिलेलं होतं. विचारल्यावर कळलं, बापूंचा हात त्या कपारीत अडकला होता आणि पाऊण तास सुटला नव्हता. तिथे मूठ वळून हात घालायचा नाही, हे त्या तीन शब्दांत साठवलेलं होतं. विचारलं नसतं तर ते माणसाबरोबरच गेलं असतं.

निघण्यापूर्वी एका पानाचं दानपत्र करून घ्या. काय दिलं, संस्थेला प्रती काढायची आणि सभासदांना द्यायची परवानगी आहे का, नाव छापावं की नाही, मूळ परत हवंय का. कुटुंबाला मूळ ठेवायचं असेल तर आग्रह धरू नका, आठ दिवसांत प्रत काढून स्वतः नेऊन द्या. दिलेल्या दिवशी परत केलेली एक वही पुढच्या तीन ट्रंकांचं दार उघडते.

पायरी २: आलेलं सामान थेट कपाटात नाही

नवीन आलेल्या खोक्यात कसर, वाळवी, झुरळाची अंडी किंवा बुरशी असू शकते. ते सरळ कपाटात गेलं तर एका महिन्यात सगळीकडे पसरतं. म्हणून दोन-तीन आठवडे ते वेगळ्या जागी, जाड प्लास्टिकच्या पिशवीत बंद ठेवा.

किडीवर सगळ्यात बिनविषारी उपाय थंडीचा. कागद पिशवीत घट्ट बंद करून उणे २० अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवायचे. बाहेर काढल्यावर निदान एक दिवस पिशवी उघडायची नाही, नाहीतर थंड कागदावर हवेतलं पाणी जमतं. स्लाइड, फोटो आणि टेप या फ्रीझरमध्ये घालू नका. बुरशी असेल तर मास्क लावून, उघड्या हवेत पण सावलीत, मऊ ब्रशने बाहेरच्या दिशेने झाडा. बुरशी ओली असेल तर आधी वाळू द्या, ओली झाडली तर ती कागदात घुसते.

पुस्तकं उन्हात घालायची आपली जुनी पद्धत आहे. कडक उन्हात शाई उडते आणि पुठ्ठा वाकतो. सावलीतला वारा पुरतो. डांबरगोळ्या मी पूर्ण बंद केल्या. बंद खोलीत तासन्तास बसणाऱ्या माणसाला त्या त्रासदायक आहेत.

पायरी ३: तीन ढीग

आता प्रत्येक वस्तूसाठी एकच प्रश्न विचारा: ही हरवली तर दुसरी मिळेल का?

मिळेल, तर ती हिरव्या ढिगात. ती घरी जाऊ शकते. चढाईच्या तंत्राची पुस्तकं, गिर्यारोहकांची चरित्रं, पुन्हा छापली जाणारी किल्ल्यांची पुस्तकं यात येतात.

कष्टाने मिळेल, तर पिवळा ढीग. ती इथेच टेबलावर बसून वाचायची. बंद पडलेली प्रकाशनं, नियतकालिकांचे जुने बांधीव खंड. 'हिमालयन जर्नल' १९२९ पासून निघतं आणि त्यातला मजकूर इंटरनेटवर वाचता येतो, त्यामुळे माहिती हवी असेल त्याला तिकडे पाठवता येतं आणि जुना खंड शांत राहतो.

मिळणारच नाही, तर लाल. हस्तलिखित, टोपो, स्लाइड, खुणांचे नकाशे. वाचकाला फक्त प्रत.

हिरव्या-पिवळ्या पुस्तकांना रंगीत चिकटपट्टी लावा. लाल वस्तूवर काहीही चिकटवायचं नाही, शिक्का मारायचा नाही. मागच्या बाजूला कोपऱ्यात मऊ पेन्सिलीने क्रमांक, बस.

एक अपवाद मी मुद्दाम करतो. हिरव्या पुस्तकाच्या समासात प्रत्यक्ष चढून आलेल्या माणसाने काही लिहिलं असेल, "पाणी आटलंय", "ही वाट कोसळली" असं, तर ते पुस्तक मी पिवळ्यात टाकतो आणि संस्थेसाठी नवीन प्रत विकत घेतो. इतर ग्रंथालयांत पुस्तकावर लिहिणं गुन्हा असतो. आमच्याकडे त्या चार ओळींनी पुस्तकाची किंमत वाढते.

पायरी ४: दाखल नोंदवही आणि नावांचा घोळ

कागदाची, शिवलेली, पानांना क्रमांक असलेली नोंदवही आधी करा, संगणक नंतर. प्रत्येक वस्तूला एक दाखलांक मिळतो आणि तो पुन्हा कधीही वापरायचा नाही, वस्तू हरवली तरी. रकाने साधे: दाखलांक, आल्याची तारीख, कुणाकडून, काय आहे, पानं किती, अवस्था, रंग, जागा. एका ट्रंकेतले कागद एकाच मुख्य क्रमांकाखाली ठेवा, म्हणजे ५८/१, ५८/२ असे. त्यामुळे ती ट्रंक कागदावर तरी एकत्र राहते.

वर्गीकरणात नेहमीची दशांश पद्धत आपल्या फारशी उपयोगाची नाही. त्यात गिर्यारोहणाला ७९६.५२२ हा क्रमांक आहे, म्हणजे आपलं जवळजवळ सगळं कपाट एकाच क्रमांकावर. येणारा माणूस विषय विचारत नाही, डोंगर विचारतो. म्हणून मांडणी डोंगराप्रमाणे करा. सह्याद्रीसाठी रांग, मग गड किंवा सुळका. हिमालयासाठी प्रदेश, मग शिखर. तंत्र, औषधोपचार, हवामान, चरित्रं यांचा एक वेगळा कप्पा पुरतो.

खरा घोळ नावांचा. खंडाळ्याजवळचा कडा कुणी नागफणी लिहितं, कुणी ड्यूक्स नोज. सुळक्यांना तर पायथ्याच्या वाडीत एक नाव, पहिल्या चढाईच्या चमूने दिलेलं दुसरं आणि आज मोबाइलवर तिसरंच. एक नाव मुख्य ठरवा आणि बाकीच्या प्रत्येक नावाखाली "पाहा: अमुक" अशी नोंद करा. मुख्य नाव म्हणून मी गावातलं नाव घेतो. ते टिकतं, आणि वाट विचारताना तेच कामाला येतं.

या नोंदी संगणकावर तक्त्यात भरताना युनिकोडच वापरा. जुन्या फाँटमध्ये भरलेल्या याद्या दहा वर्षांनी उघडत नाहीत, हे अनेकांनी अनुभवलंय. वस्तू दोन-अडीच हजारांपुढे गेल्या की 'कोहा' ही मोफत ग्रंथालय प्रणाली बघा. न्यूझीलंडमध्ये जन्मलेली ही प्रणाली मराठी नोंदी व्यवस्थित सांभाळते. त्याआधी तिच्या मागे लागू नका. प्रणाली बसवण्यात वर्ष जातं आणि ट्रंका तशाच राहतात.

पायरी ५: पावसाळा

आपल्याकडे कागदाचा मुख्य शत्रू जून ते सप्टेंबर. हवेतली सापेक्ष आर्द्रता ४५ ते ५५ टक्के असावी असं शास्त्र सांगतं. ६५-७० च्या वर बुरशी धरते आणि मुंबईत पावसाळ्यात आकडा सहज ८० च्या पुढे असतो. काही शे रुपयांत आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र मिळतं. ते आधी घ्या, बाकी सगळं नंतर.

खोली शक्यतो मधल्या मजल्यावरची. तळमजल्याला पाणी शिरतं, शेवटच्या मजल्याला स्लॅब गळतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तो दिवस डोळ्यांपुढे ठेवून सगळ्यात खालचा खण रिकामा ठेवा. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे. लोखंडी कपाट घट्ट बंद राहिलं की आतल्या आत दमट होतं, म्हणून कोरड्या दिवशी दोन तास उघडायचं. आत सिलिका जेलच्या पिशव्या ठेवायच्या, रंग बदलला की तापवून कोरड्या करायच्या. वातानुकूलन यंत्र फक्त माणसं असताना चालू आणि रात्री बंद असेल तर न लावलेलं बरं. रोजच्या चढउताराने कागदाला एकसारख्या दमटपणापेक्षा जास्त त्रास होतो.

कागदावरच्या टाचण्या, यू-पिना, रबर बँड सगळं काढून टाका. गंज कागद खातो. फाटलेल्या कागदाला चिकटपट्टी लावू नका. ती दहा वर्षांत पिवळी पडते आणि डिंक आत मुरतो. फाटलेलं जोडता येत नसेल तर आम्लविरहित कागदाच्या घडीत तसंच ठेवा. एकत्र बांधायला धुतलेलं, खळ नसलेलं मांजरपाट उत्तम. पेशवे दफ्तरातली कागदपत्रं रुमालांत बांधून टिकली, तीच रीत.

आणि लॅमिनेशन कधीही नाही. एका संस्थेत मी काम सुरू केलं त्या वर्षी एका उत्साही कार्यकर्त्याने "कायमचं टिकावं" म्हणून नव्वदच्या दशकातल्या मोहिमेचे फॅक्स लॅमिनेट करायला नेले. शिखरावर पोचल्याचा निरोप त्यातच होता. फॅक्सचा तो कागद उष्णतेने काळा होणारा. यंत्रातून तो एका बाजूने आत गेला आणि दुसऱ्या बाजूने कोळशासारखा काळा, चकचकीत, दोन प्लास्टिकच्या मध्ये कायमचा बंद होऊन बाहेर आला. उजेडात तिरपा धरला तरी एक अक्षर दिसत नव्हतं. तो काळा कागद मी अजून ठेवलाय आणि नव्या कार्यकर्त्यांना पहिल्या दिवशी दाखवतो. जुने फॅक्स असतील तर आजच त्यांची साधी झेरॉक्स काढा. ते नुसते पडून राहिले तरी फिके होतात.

स्लाइडचा डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा वास आला तर आतली फिल्म विघटित होते आहे आणि ती बाधा शेजारच्या फिल्मलाही लागते. तो डबा लगेच वेगळा करा आणि त्याचं स्कॅनिंग सगळ्यात आधी. कोडाक्रोम स्लाइड अंधारात दीर्घकाळ रंग टिकवतात, पण प्रोजेक्टरच्या प्रकाशात लवकर उडतात, म्हणून मूळ स्लाइडचा "शो" आता बंद. स्लाइडच्या पुठ्ठ्यावर पुष्कळदा फिल्म धुतल्याचा महिना आणि वर्ष छापलेलं असतं. तारीख शोधायला त्याच्यासारखा साक्षीदार नाही, तेव्हा जुने पुठ्ठे फेकू नका.

पुस्तक भिजलंच, तर हातात ४८ तास आहेत, त्यानंतर बुरशी धरते. उभं करून, पानं अलगद पंख्यासारखी पसरवून, पंखा शेजारी लावा, थेट अंगावर नको. गुळगुळीत आर्ट पेपरवरची छायाचित्रांची पानं आधी हाताळा. ती वाळताना एकमेकांना चिकटली की पुन्हा सुटत नाहीत. एकाच वेळी पन्नास पुस्तकं भिजली आणि माणसं दोनच असली, तर पिशव्यांत घालून गोठवा आणि सवडीने थोडी थोडी वाळवा.

नकाशे घडी घालून ठेवू नका, सपाट ठेवा. जागा नसेल तर जाड नळीवर बाहेरून गुंडाळा. भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० चे खुल्या मालिकेतले नकाशे आता संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात, त्यामुळे चालायला जाणाऱ्याला ते द्या. जुनी एक इंचाला एक मैल प्रमाणाची शीट मात्र लाल. धरणाखाली गेलेली गावं आणि मोडलेल्या वाटा तिच्यावरच राहिल्या आहेत.

पायरी ६: प्रती

स्कॅन करताना कागद ३०० ते ४०० डीपीआयवर (दर इंचाला इतके ठिपके), स्लाइड किमान २४०० वर. पेन्सिलीच्या फिक्या आकृतीला बाजूने तिरपा उजेड द्या, पुसलेल्या रेषाही दिसतात. मूळ स्कॅन टिफ या फाइल-प्रकारात, त्याला हात लावायचा नाही. द्यायला पीडीएफ. फाइलचं नाव दाखलांकाने सुरू करा. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या गावी.

हार्ड डिस्क तपासायला दिवस ठरवला नाही तर कधीच तपासली जात नाही. आम्ही खंडेनवमीला दोर, कॅराबिनर (दोर अडकवायच्या कड्या), हातोडे मांडून पूजा करतो. त्याच दिवशी डिस्क जोडून वीस फाइली उघडून पाहायच्या आणि कपाटं उघडून बुरशी बघायची. पावसाळा नुकताच संपलेला असतो, त्यामुळे काय बिघडलं ते नेमकं तेव्हा सापडतं.

हक्कांबद्दल थोडक्यात. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याप्रमाणे लिखाणाचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. वही आपल्या कपाटात आहे म्हणून मजकूर आपला होत नाही. आपल्याकडे कागदी प्रत असेल तर विनानफा सार्वजनिक ग्रंथालयाला जतनासाठी डिजिटल प्रत ठेवायची मुभा २०१२ च्या दुरुस्तीने दिली आहे, पण ती सगळ्यांना वाटण्याची मुभा नव्हे. यासाठीच पहिल्या पायरीतलं दानपत्र.

पायरी ७: देवघेव

आता ज्याच्यासाठी हे सगळं, ते. उघडायची वेळ गुरुवारी संध्याकाळी ठेवा. शनिवार-रविवारी जाणारे लोक गुरुवारी तयारी करतात, रविवारी सकाळी ग्रंथालय उघडं ठेवून उपयोग नाही, तेव्हा सगळे डोंगरात असतात.

हिरवी पुस्तकं एका वेळी दोन, तीन आठवड्यांसाठी. ऑक्टोबर ते मार्च चढाईचा हंगाम, त्यात मार्गदर्शक पुस्तकं दहाच दिवस, कारण रांग असते. पावसाळ्यात चरित्रं आणि मोहिमांची वर्णनं महिनाभर घरी राहू द्या. दंड मी घेत नाही, अनामत घेतो. दंडाच्या भीतीने उशीर झालेलं पुस्तक परतच येत नाही. त्यापेक्षा फोन करून "वाचून झालं का, कसं वाटलं?" असं विचारलं की पुस्तकही येतं आणि माणूसही.

गावोगावच्या सभासदांना टपालाने द्या. पुस्तकांसाठी टपाल खात्याने मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' ही स्वस्त सेवा सुरू केली आहे, पाच किलोपर्यंतचं पार्सल जातं. पुस्तक आधी प्लास्टिकच्या पिशवीत, मग पुठ्ठ्यात, आणि आत परतीचा पत्ता लिहिलेलं लेबल तयार घाला. लेबल असलं की परत पाठवायचा आळस होत नाही.

मार्गदर्शक पुस्तक कड्यावर न्यायचं नाही. त्यातली लागणारी पानं उतरवून घ्या किंवा आमच्याकडून टोपोची छापील प्रत घ्या. ही प्रत देताना तिच्या माथ्यावर ठळक ओळ असते: "ही नोंद अमुक सालची आहे. यातले खिळे आणि बोल्ट तपासल्याशिवाय त्यांवर भार देऊ नका." ही ओळ नसलेली प्रत खोलीबाहेर जाता कामा नये. चाळीस वर्षांपूर्वीचा लोखंडी बोल्ट सह्याद्रीच्या चाळीस पावसाळ्यांत भिजलेला असतो आणि आकृतीत तो नवाकोरा दिसतो. जुन्या कागदावर आंधळा विश्वास बसला, तर आपलं ग्रंथालय माणसाच्या जिवावर उठेल.

अपघातांच्या नोंदीही ठेवा. अमेरिकन अल्पाइन क्लब १९४८ पासून दरवर्षी अपघातांचा अहवाल काढतो, काय झालं आणि का झालं ते शांतपणे मांडून. आपल्याकडे अपघात झाला की चार दिवस चर्चा होते आणि मग कुणी बोलत नाही. नावं न लिहिता, दोष न देता, गाठ कुठली होती, वेळ काय होती, दगड कुठून सुटला एवढं तरी लिहून त्या डोंगराच्या पाकिटात ठेवा. कुटुंबाला विचारून.

आणि प्रत घेऊन जाणाऱ्या प्रत्येकाला एक कोरा अर्धा कागद द्या. परत आल्यावर त्यावर लिहून आणायचं: तारीख, किती जण, काय बदललंय. हीच देवघेवीची फी. मागच्या माघात एका सुळक्याची १९८६ ची आकृती नेलेल्या मुलीने सोमवारी तो कागद आणून दिला. घामाने आणि मातीने मळलेला, निळ्या बॉलपेनने लिहिलेला (त्यातला चॉकनट म्हणजे भेगेत अडकवायचा धातूचा तुकडा): "दुसऱ्या टप्प्यात उजवीकडचा बोल्ट हाताने फिरतो, वापरला नाही. त्याच्या वर डाव्या हाताला बोटभर खोल खोबण आहे, चॉकनट छान बसतो. लेजवर मधमाश्या, दुपारी बारानंतर हलतात. आकृतीतलं झाड आता नाही, फक्त बुंधा." मी पेन्सिलीने कोपऱ्यात ५८/४ लिहिलं आणि जुन्या आकृतीच्या मागे, त्याच पाकिटात ठेवून दिला.